पांढरी साडी आणि बिनटपाची गाडी

"शादी के वास्ते कोनसी लेगा जानराव? नवी का पुरानी?" भैय्याजींनी दोन किल्ल्या पुढे केल्या आणि जानरावाने अजिबात विचार न करता जुनीची किल्ली उचलली. (विचार न करता केलेल्या गोष्टींची आठवण त्याच्याकडे फार दिवस टिकायची. ती टिकवण्याचं काम बायकोकडे होतं.)

भैय्याजी म्हणजे कारखान्याला मुरूम पुरवणारे दुर्गचे ठेकेदार. माणसाला गाड्यांचा भारी नाद. जुनी गाडी नागपूरकडच्या एका मालगुजाराकडून, म्हणजे जमीनदाराकडून घेतलेली, लढाईच्या आधीची, रेसची, दोन शिटांची, डोक्यावर टप नाही. नवी त्याच वर्षी मुंबईहून आलेली. तीही रेसचीच म्हणे, दोनच शिटांची, पण तिला टप, काचा, आणि बटण दाबलं की सुरू. भिलाईच्या कारखान्यात ड्रायव्हर म्हणून लागण्याआधी जानराव दहा वर्षं त्या मालगुजाराकडे होता, आणि ती जुनी गाडी त्याच्याच हाताखालची. त्यामुळे सुटीच्या दिवशी तो सेक्टर दोनमधून सायकल मारत दुर्गला जाई, दोन्ही गाड्या मनापासून पुसे आणि घरी येऊन फक्त एकीबद्दल बोले.

"गाडी म्हंजे ते, कांता! ब्रेक लावाचा त आधी विचार करा लागते. सुरू कराची त खांद्यातून ताकद लागते. वारा कसा तोंडावर येते! आन् हे नवी? मुकी आहे मुकी. चालून राहिली का उभी आहे, समजतच नाही."

"मले समजते," कांता भाकरी थापत म्हणे. "तुमी बोलून राहिले म्हंजे जेवन थंडं होऊन राहिलं."

बायकोने एकदा, फक्त एकदा, त्या जुन्या गाडीला चांगलं म्हणावं, एवढीच जानरावाची इच्छा होती. आणि तशी संधी चालून आली. कांताचा भाऊ देवीदास भिलाई-तीनला रेल्वेत पॉइंट्समन होता. त्याच्या मुलीचं, हिराचं लग्न ठरलं. बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन सहा वर्षं झालेली, पण त्या रेल्वे क्वार्टरांमध्ये नव्या पद्धतीचं, पांढऱ्या साडीतलं लग्न हे पहिलंच. नवरीची साडी आत्याने आणायची होती. कांताने ती नागपूरहून मागवली, तीनदा इस्त्री केली आणि गाठोड्यात बांधली. अकरा वाजता लग्न.

"नवी आना," तिने बजावलं होतं. "माय येईल बसनं."

"वा! मायले बसनं धाडू?" जानराव म्हणाला. "जुनीले मांगं डिकी आहे. झाकन उघडलं का आत फस्कलास शीट. मालगुजाराची मावशी बसत होती तिथं."

सासूबाईंनी, म्हणजे गिरजाबाईंनी, हे ऐकलं आणि त्या कोणाचंही न ऐकता डिकीत जाऊन बसल्या. मांडीवर साडीचं गाठोडं. तिघंही डोक्यापासून पायापर्यंत पांढरीशुभ्र. जानरावाने हँडल मारलं. चौथ्या झटक्याला गाडी असा आवाज करून उठली की शेजारच्या तुळसाबाई पोळपाट हातात घेऊन बाहेर आल्या.

"येजा लग्नाले!" जानराव ओरडला आणि पुढची काच त्याने मुद्दाम बॉनेटवर पाडून ठेवली. बायकोला खरी हवा लागावी म्हणून.

खरी हवा लागली. त्या वर्षी भिलाईत अर्धे रस्ते व्हायचे होते आणि उरलेल्या अर्ध्यांवर मुरूम टाकणं चालू होतं. समोर एक डंपर जात होता, आपल्या मागे लाल धुळीचा ढग ओढत. शहाण्या माणसाने थांबून त्याला जाऊ दिलं असतं. जानरावाने त्याला मागे टाकलं. केवढा आनंद झाला त्याला! मग गाडीचं पाणी उकळलं, तो थांबला, आणि डंपर धूळ उडवत पुढे गेला. पाणी भरून जानरावाने त्याला पुन्हा गाठलं, पुन्हा मागे टाकलं, पुन्हा पाणी उकळलं. असं तीनदा झालं. तिसऱ्या वेळी डंपरवाल्याने प्रेमाने हात हलवला.

"चिकटपना पाहिला का गाडीचा?" जानराव ओरडून बोलतच होता. कांता समोर बघत होती. तिच्या फक्त पापण्या हलत होत्या.

देवीदास मांडवाच्या दारात उभा होता. गाडीतून आलेल्या तीन तांबड्या माणसांना त्याने हात जोडले. "कोनाकडचे तुमी?"

"अरे, मी कांता!"

"बरं, साडी तरी आन लवकर. पोरगी नेसाची थांबली आहे."

सगळे डिकीकडे वळले. गाठोडं सुटलेलं होतं. साडी गिरजाबाईंच्या डोक्याला, तोंडाला आणि खांद्यांना घट्ट गुंडाळलेली होती. ती आता विटकरीच्या रंगाची झाली होती. आतून गिरजाबाईंचा चेहरा तेवढा स्वच्छ निघाला.

"माय! हे काय केलं?"

"मंग काय करू? दम कोंडून राहिला होता. लगन हिराचं आहे, मी कावून मरू?"

कांताचे डोळे भरून आले आणि गालांवरच्या धुळीतून दोन ओहोळ खाली उतरले. जानरावाला आयुष्यात पहिल्यांदा त्या गाडीची लाज वाटली. आपण हौसेपायी पोरीचं लग्न नासवलं, असं त्याला मनातून वाटलं.

तेवढ्यात भैय्याजींची नवी गाडी आवाज न करता येऊन थांबली. लग्नालाच निघालेल्या भैय्याजींनी वाटेत बसची वाट बघणाऱ्या तुळसाबाईंना बसवून आणलं होतं. काचा खाली झाल्या. तुळसाबाई कोऱ्या पांढऱ्या साडीत, केसातला मोगरासुद्धा न हललेला. त्यांनी एकवार तिघांकडे पाहिलं, गाठोड्याकडे पाहिलं, आणि त्या तडक आत हिराकडे गेल्या. दहा मिनिटांनी हिरा तुळसाबाईंच्या साडीत बाहेर आली आणि तुळसाबाई देवीदासच्या बायकोच्या फुलाफुलांच्या लुगड्यात. त्रिशरण झालं, हार घातले गेले, फुलं उडाली. हिरा इतकी गोड दिसत होती की कांताने नाक पुसून पुन्हा रडून घेतलं, या वेळी आनंदाने.

जेवणानंतर भैय्याजींना लहर आली. "जानराव, पुरानी मैं ले जाता हूं. तू इतना बोलता है, देखूं तो सही. तू बहू को नई में ले जा." गिरजाबाई मुलाकडेच राहणार होत्या.

नवी गाडी भिलाईकडे निघाली. काचा बंद, धूळ बाहेर, आत कसलाही आवाज नाही. जानराव बोलू लागला. मालगुजारापासून सुरुवात करून तो ब्रेक, हँडल, वारा, डंपर असं करत सेक्टर दोनच्या वळणापर्यंत आला. कांता एकाएकी म्हणाली, "खरं आहे तुमचं. गाडी ते जुनीच चांगली."

जानरावाने गाडी रस्त्याच्या कडेला उभीच केली. ऊर भरून आला त्याचा. "खरंच? सांग ना, काय आवडलं तुले?"

"तिच्यात तुमचं एक अक्षर ऐकू येत नव्हतं."