दामूकाकांचा चहाचा हात

आमच्या घरातल्या चहात दूध आलं ते मला नोकरी लागल्यावर. त्याआधी वडील आणि दामूकाका उरणच्या मिठागरावर कोऱ्या चहावर दिवसभर मीठ ओढायचे. वरून ऊन, खालून मिठाची चमक. मी घरातली पहिली ग्रॅज्युएट, बीएस्सी, आणि हे मी कोणाला विसरू दिलं नाही.

काका पुढे बेलापूरला आमच्याच सोसायटीच्या गेटवर वॉचमन झाले. रोज सकाळी गार चहा डाव्या हाताला कोपरापर्यंत चोळायचे. उजवा कोरडा. मग येईल त्याला दोन्ही हात पुढे करून विचारायचे, "सांगा साहेब, कोनचा चांगला हाय?"

साहेब घाईत. "डावा," म्हणून सुटायचे. कुरियरवाल्यालाही मत दिल्याशिवाय आत सोडत नसत.

"उजव्यानं काय पाप केला?" काकू विचारायची.

"प्रयोग हाय. सायन्स तुला नाय समजायचा."

हे सायन्स माझं. चहा, त्यातलं कॅफिन, अंगाला लावलं तर उन्हामुळे होणाऱ्या त्वचेच्या कॅन्सरपासून कदाचित वाचवत असेल, प्रयोग बहुतेक उंदरांवरचे, अशी बातमी मी काकांना पेपरातून वाचून दाखवली होती. उंदीर आणि 'कदाचित' गाळून. नवी बीएस्सी होते. 'कदाचित' म्हणणं कमीपणाचं वाटायचं.

यंदा होळीनंतर काकांनी हात दाखवणं बंद केलं. मे उजाडला तरी अंगात फुल बाहीचा शर्ट.

"थंडी वाजते का काका?"

"युनिफॉर्म हाय."

बाकीचे वॉचमन अर्ध्या बाहीत होते. मी काकांची बाही वर केली. डाव्या मनगटावर जखम, खपली धरून पुन्हा चिघळलेली.

"दोन महिने झाले ना? बोलला का नाहीत?"

काकांनी बाही खाली ओढली. "चहाच्याच हाताला झाला ना. उजव्याला झाला असता तर लगेच सांगितला असता." मग हळूच, "आख्ख्या सोसायटीला सांगून बसलोय, माजी पुतनी बोलली म्हनून. आपल्या घरान पयली शिकलेली तू. तुजा बोलना खोटा कसा पारू?"

दुसऱ्या दिवशी रजा टाकून त्यांना हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरांनी जखमेचा तुकडा काढून तपासला. कॅन्सरच होता, पण पसरलेला नव्हता. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी ती बातमी काकांना पुन्हा सांगितली, उंदरांसकट, 'कदाचित'सकट.

त्यांनी नीट ऐकून घेतलं. "म्हंजे खोटी नव्हतीस," ते म्हणाले. "घाईत होतीस."

ऑपरेशनात कॅन्सर पूर्ण निघाला. काका आता टोपी घालतात, दोन्ही बाह्या मनगटापर्यंत ठेवतात. चहा पितात. दूध घालून.