स्वतःविषयी बरं बोलण्याचा अभ्यासक्रम

व्यवसाय व्यवस्थापन ही विद्या इतकी थोर आहे की ती शिकल्याशिवाय आपण इतकी वर्षं काय करत होतो, हेच माणसाला कळत नाही. माझी बायको लग्नापासून घर चालवत होती. अचानक आलेल्या पाहुण्यांना आहे त्या डाळीत जेवू घालणे, भांडलेल्या दोन जावांना एकाच खोलीत झोपवणे, माझ्या पगारात महिना संपवणे, ही कामं ती करायची आणि त्यांना ‘घरकाम’ म्हणायची. परदेशात येऊन पदवी घेतल्यावर तिला कळलं की यांना अनुक्रमे साधनसंपत्तीचं नियोजन, मनुष्यबळ विकास आणि चमत्कार म्हणतात. (तिसरा विषय ऐच्छिक होता.)

परदेशी व्यवसाय-शिक्षणाचा स्थलांतरित स्त्रीच्या नोकरीवर काय परिणाम होतो, याची मी जवळून पाहणी केली आहे. पाहणीत एकच स्त्री होती, पण ती पुष्कळ होती.

पदवीच्या अभ्यासात हिशेब, बाजारपेठ, कायदा असे किरकोळ विषय असत. ते तिला झोपेतही यायचे. मुख्य विषय होता स्वतःची स्तुती. त्यात एक धडा असा की, लिफ्टमध्ये एखादा मोठा माणूस भेटला तर तो आपल्या मजल्यावर उतरण्याआधी त्याला आपली लायकी सांगून टाकायची. मी लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो. आजवर मला लिफ्टमध्ये भेटलेली सगळी माणसं वरच्या आकड्यांकडे बघत होती. मी तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, “अहो, पण पुस्तकात आहे.” पुस्तकापुढे माझं काय चालणार?

या एका विषयात ती काठावर पास झाली. यात शिक्षकांचा दोष नाही. आमच्याकडे मुलीला बोलता यायला लागलं की पहिली गोष्ट शिकवतात, ती म्हणजे कोणी चांगलं म्हटलं की ताबडतोब नाही म्हणायचं. “साडी छान आहे” म्हटलं की “जुनीच आहे हो.” “भाजी छान झाली” म्हटलं की “छे, मीठ जरा जास्तच पडलंय.” (मीठ बरोबर असतं. समोरचाही हे जाणतो. मग तो आणखी एकदा वाढून घेतो आणि व्यवहार पूर्ण होतो.) सदर पद्धत आमच्यात पिढ्यान् पिढ्या बिनतक्रार चालू आहे. फक्त तिच्यात दोन्ही पक्ष आपलेच असावे लागतात.

पदवीनंतर तिला हॉस्पिटलांच्या चादरी धुणाऱ्या एका कंपनीत नोकरी लागली. पदवी व्यवस्थापनाची, काम चादरींच्या घड्या मोजण्याचं. तिथल्या साहेबांनी समजावलं की तिला स्थानिक अनुभव नाही. स्थानिक अनुभव नोकरी केल्याने मिळतो आणि नोकरी स्थानिक अनुभवाने मिळते. ही व्यवस्था निर्दोष आहे. तिच्यात शिरायला कुठूनही फट नाही.

त्या कंपनीत रोज एक गोंधळ व्हायचा. सगळ्या हॉस्पिटलांच्या चादरी पांढऱ्या. धुऊन आल्या की कुणाची कुठली हे शोधायला छापील शिक्का हुडकत बसायचं, आणि शिक्का धुण्यात गेलेला. बायकोने सुचवलं की प्रत्येक हॉस्पिटलच्या चादरीच्या काठाला वेगळ्या रंगाचा दोरा घाला. नुसता ढीग बघून कळेल. सुचवून गप्प बसली नाही. कुठल्या यंत्रावर घालायचा, कुठला रंग धुण्यात टिकतो, सगळं बघून तिने ते उभं केलं. कंपनीचा गोंधळ थांबला. बाजूच्या गावातली दोन हॉस्पिटलं गिऱ्हाईक झाली.

त्याच सुमारास विभागप्रमुखाची जागा रिकामी झाली. तिला ती जागा हवी होती. आयुष्यात तिने एवढं उघडपणे काही मागितलेलं मी पाहिलं नव्हतं. मुलाखतीत साहेब म्हणाले, “दोऱ्याची कल्पना फारच उत्तम होती.”

बायको म्हणाली, “त्यात काय एवढं! कुणीही केलं असतं.”

आता साहेबांनी खरं तर म्हणायला हवं होतं, “छे छे, कुणीही कसं?” मग तिने म्हणायचं, “सगळ्यांनी मदत केली म्हणून.” मग त्यांनी पुन्हा नाही म्हणायचं. तिसऱ्या वेळेला जागा तिची. पण साहेब त्या देशाचे. त्यांनी तिचं म्हणणं लिहून घेतलं, त्यावर विचार केला आणि जागा कुणालाही दिली.

तो माणूस नवीनच आला होता. त्याला दोऱ्यातलं काही कळत नव्हतं. पण लिफ्टमधला धडा त्याचा पक्का होता. वर्षभरात ‘रंगीत दोऱ्याची योजना यशस्वीपणे राबवली’ असं नोकरीच्या अर्जात लिहून तो दुसऱ्या मोठ्या कंपनीत गेला. जागा पुन्हा रिकामी झाली.

यावेळी आम्ही घरी तालीम सुरू केली. मी साहेब. स्वयंपाकघरातल्या खुर्चीत टेकून बसायचो आणि हातात उलथनं धरायचो (साहेबांच्या हातात काहीतरी असतंच).

“बोला बाई, दोऱ्याची कल्पना कुणाची?”

“माझी.”

“शाब्बास. पुढे?”

“म्हणजे तशी सगळ्यांचीच...”

“परत पहिल्यापासून!”

“अहो, लाज वाटते हो. माझं मीच कसं सांगू?”

“मग मी येऊ का सांगायला?”

“तुम्ही? तुम्ही तिथे गेलात तर त्यांची लिफ्ट उघडून बसाल.”

शिवाय रोज जेवताना तिने स्वतःविषयी एक चांगलं वाक्य बोलायचं आणि पुढे ‘पण’ लावायचा नाही, असं ठरलं. “भाजी मी चांगली केली आहे,” एवढं म्हणून ती ओठ घट्ट मिटून बसायची. पुढचं वाक्य घशात अडकलेलं मला दिसायचं. तेवढ्यात एकदा माझ्या ताईचा फोन आला, मी तो स्पीकरवर ठेवला आणि तिने हे ऐकलं.

“इतका पैसा घालून शिकली काय, तर स्वतःचा टेंभा मिरवायला?” ताई म्हणाली.

“हो ताई,” बायको म्हणाली, “आणि त्यातच मार्क कमी पडले.”

दुसऱ्या मुलाखतीत साहेबांनी दोऱ्याचा विषय काढला. ती म्हणाली, “ते मी केलं. चांगलं झालं.” आणि थांबली. जागा तिला मिळाली.

बातमी कळल्यावर आप्तांचे फोन आले. ‘नशीब काढलं पोरीने’ म्हणणारे काही, ‘तिकडे बायकांना सोपं जातं’ म्हणणारे काही, आणि उरलेल्या बहुसंख्यांनी माझं अभिनंदन केलं. ताई म्हणाली, “तू शिकू दिलंस म्हणून हो!” बायको शेजारीच उभी होती. तिने फोनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “घ्या, तुमची बढती झाली.”

तो विभाग तिने काही वर्षं चालवला, आजारी पडेपर्यंत. गेल्या हिवाळ्यात ती गेली. त्याविषयी लिहिण्यासारखं माझ्याजवळ काही नाही. घर फार मोठं झालं आहे, एवढंच.

भेटायला पुष्कळ लोक आले. प्रत्येकाने माझा हात हातात धरून सांगितलं, “तुमचं केवढं मोठं मन! तुम्ही पाठीशी होतात म्हणून ती एवढी झाली.” मी प्रत्येकाला म्हणालो, “मी काही केलं नाही हो.” हे अक्षरशः खरं होतं. पण पुरुषाच्या विनयाची गंमत अशी की त्याच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. जितकं नाही म्हणालो, तितका मी थोर होत गेलो. संध्याकाळपर्यंत मी जवळजवळ संत झालो होतो.

आपणही इथवर वाचताना, बहुधा त्या उलथन्यापाशी, ‘नवरा मात्र समजूतदार होता हो’ असं मनात म्हणाला असाल. आभारी आहे. तिच्याविषयी काही वाटलं असल्यास तेही सवडीने कळवावं.