मुख्य अधीक्षकांचा वसतिगृह-प्रवेश

नियम उत्तम व्हायचे असतील, तर ते करणाऱ्याने स्वतः कधी पाळलेले नसावेत. आमच्या महाविद्यालयाची वसतिगृह नियमावली इतकी चोख आहे ती याच कारणामुळे.

तिचे कर्ते डॉ. चन्नबसप्पा हुडगे हे उपप्राचार्य आणि दोन्ही वसतिगृहांचे मुख्य अधीक्षक. एकोणीस वर्षं ते महाविद्यालयाच्या आवारातल्याच क्वार्टरमध्ये राहिले. तीन खोल्या, गच्चीवर सोलर, अंगणात पेरूचं झाड आणि व्हरांड्यात झोपाळा. या झोपाळ्यावर बसून त्यांनी एकसष्ट नियम लिहिले. वसतिगृहात ते एक दिवसही राहिले नव्हते (शिक्षण उदगीरला मामांच्या घरी झालं), त्यामुळे त्यांचे विचार अनुभवाने गढूळ झालेले नव्हते.

मी त्यांच्या कार्यालयात आवक-जावक सांभाळतो. पुढे जे घडलं ते सगळं माझ्या रजिस्टरमधला क्रमांक घेऊनच घडलं.

दिवाळीनंतर पत्र आलं, की तपासणी समिती येणार. समितीच्या तक्त्यात ‘अतिथिगृह आहे काय?’ असा एक रकाना असतो. तो आम्ही तीन वर्षांपूर्वीच ‘होय’ असा भरून पाठवला होता. म्हणजे आता अतिथिगृह असणं भाग होतं. प्राचार्यांनी आवारातल्या सगळ्या इमारतींची पाहणी केली, तेव्हा ज्या घरात झोपाळा आहे तेच अतिथिगृह असल्याचं त्यांच्या लक्षात आलं.

“पंधरा दिवसांचा प्रश्न हाय, सर,” प्राचार्य म्हणाले. “तोवर वसतिगृहात राहा. आपलंच तर हाय.”

नियम तीन असा, की पुरुषांनी पुरुषांच्या वसतिगृहात राहावं आणि महिलांनी महिलांच्या. विवाहितांचा उल्लेख नियमावलीत कुठेही नाही. त्यामुळे सर खोली क्रमांक चौदामध्ये गेले आणि त्यांच्या पत्नी रत्नम्मा महिला वसतिगृहातल्या सहा नंबरात. एकतीस वर्षांच्या संसाराची वाटणी एका हातगाड्यावर, दोन खेपांत उरकली.

चौदा नंबरात आधीच तीन मुलं होती. त्यांतला किनवटचा सत्यम मनाने चांगला. त्याने पहिल्याच सकाळी सरांना सावध केलं.

“सर, बादलीवर नाव लिवा. अन् बादली हातातच धरून हिंडा.”

“का रे?”

“जाते, सर.”

सरांनी नाव लिहिलं, पदासकट. बादली बुधवारी गेली. गुरुवारी ती वरच्या मजल्यावरच्या एका मुलाच्या हातात दिसली. नाव पुसलेलं होतं, पद तसंच होतं. सरांनी मुख्य अधीक्षकांकडे लेखी तक्रार केली. हरवलेल्या वस्तूंना कार्यालय जबाबदार नाही, या नियमाकडे बोट दाखवून मुख्य अधीक्षकांनी ती निकाली काढली. (दोन्ही सह्या एकाच पेनाच्या आहेत. रजिस्टर पाहावं.)

आंघोळीची स्थिती अशी होती: विद्यार्थी दोनशे दहा, न्हाणीघरं नऊ. पैकी दार असलेली सात, लागणारं दार असलेली चार, आणि लागलेलं दार पुन्हा उघडणारी तीन. पाणी थंड असतं, कारण थंड पाण्याने चारित्र्य घडतं. हे वाक्य नियमावलीच्या प्रस्तावनेत आहे. डिसेंबरातल्या पाचव्या दिवसापर्यंत सरांचं चारित्र्य पुरेसं घडलं, तेव्हा त्यांनी गुपचूप पाणी तापवायचा एक रॉड मागवला.

शनिवारी खोल्यांची तपासणी असते आणि ती मुख्य अधीक्षकांनीच घ्यावी लागते. सरांनी ती घेतली. चौदा नंबरात वाकून पाहिलं, तर कॉटखाली रॉड.

“हा कुणाचा?” सरांनी सवयीने दरडावून विचारलं.

तिन्ही मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. शेवटी सत्यम अत्यंत आदराने म्हणाला, “सर, तुमचा हाय.”

रॉड जप्त झाला. सरांनी ‘पुन्हा असे होणार नाही’ असा माफीनामा दोन प्रतींत लिहिला. पालकाची सही नसल्यामुळे तो परत आला. सरांचे आईवडील हयात नाहीत. मग हैदराबादला नोकरी करणारा मुलगा, अमरेश, याने पालक म्हणून सही केली आणि खाली लिहिलं, ‘अप्पांना समज दिली आहे.’

आपण विचाराल, की मग सरांनी नियमच का बदलले नाहीत? कारण नियम अठ्ठावन्न. वसतिगृहात राहणाऱ्याला नियमांच्या दुरुस्तीबाबत बोलता येत नाही. मुलं फार बोलू लागली होती त्या वर्षी सरांनीच तो घातला होता, आणि तो अजूनही उत्तम काम देतो.

पंधरा दिवस झाले. समिती पुढे ढकलली गेली, कारण अध्यक्षांच्या पुतण्याचं लग्न होतं. मग निवडणुका होत्या म्हणून ढकलली गेली. तिसऱ्या पत्रात कारण दिलेलं नव्हतं, फक्त खेद होता.

दरम्यान सरांना एक गोष्ट जाणवू लागली. संध्याकाळी कपडे वाळत घालताना महिला वसतिगृहाकडून हसण्याचा आवाज येई. तो आवाज ओळखीचा वाटे, पण इतका मोठा त्यांनी कधी ऐकला नव्हता. एकदा खात्री करायला ते कुंपणापाशी गेले. रत्नम्मा पदर खोचून मुखेडच्या सृष्टी नावाच्या मुलीच्या स्कूटीवर बसल्या होत्या, आणि ती पोरगी “काकू, ब्रेक! ब्रेक!” म्हणत मागे धावत होती. सरांनी हात वर केला. तेवढ्यात वॉचमनने शिट्टी मारली. कुंपणापाशी उभं राहणं हा नियम चाळीसचा भंग आहे.

रविवारी सर रीतसर दारावर गेले. सोबत पिशवीत पेरू होते (स्वतःच्याच झाडाचे, परवानगी काढून तोडलेले). दारावर धोंडाबाई बसतात. त्या सातवी शिकलेल्या आहेत आणि नियमावली त्यांना तोंडपाठ आहे.

“भेटीच्या यादीत तुमचं नाव न्हाई, सर.”

“अहो बाई, यादी मीच केली आहे.”

“केली असंल. यादीत वडील हायत, सख्खा भाऊ हाय. नवरा न्हाई.”

“मुलींना नवरे नसतात म्हणून लिहिलं नाही!”

“तेच म्हन्ते मी,” धोंडाबाई म्हणाल्या आणि पेरू तेवढे आत पाठवले.

वडील यादीत होते. म्हणून पुढच्या रविवारी भालकीहून रत्नम्मांचे वडील, संगप्पा, वय चौऱ्याऐंशी, एसटीने आले. सर फाटकाबाहेर उभे राहिले आणि म्हातारबाबा काठी टेकत आत गेले. दहा मिनिटांनी बाहेर आले.

“रत्ना विचारतीय, काय काम हाय?”

“म्हणावं, मला करमत नाही.”

म्हातारबाबा पुन्हा आत गेले. या वेळी वीस मिनिटं लागली.

“म्हणाली, कॅरम चालू हाय. अन् म्हणाली, तिला करमतंय का, हे एकतीस वर्षांत कुणी इचारलं न्हाई.”

“कोण विचारणार होतं?” सर म्हणाले. “घरात मी एकटाच होतो.”

“तेच म्हणाली ती, जावईबापू,” म्हातारबाबा म्हणाले. मग ते तिथल्या बाकावर बसले आणि बराच वेळ चपलेकडे बघत राहिले. त्यांच्या घरीही एक बाई होती, हे बहुधा त्यांना तेव्हाच आठवलं असावं.

समिती फेब्रुवारीअखेर आली. अतिथिगृहात ती चाळीस मिनिटं होती. त्यांतली बावीस मिनिटं अध्यक्ष झोपाळ्यावर होते. ‘अतिथिगृहात घरपण आहे’ असा शेरा मिळाला आणि त्याच संध्याकाळी क्वार्टर सरांना परत देण्यात आलं.

दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर एक अर्ज आला. ‘महोदय, मी वसतिगृहातच राहू इच्छिते. इथे ताट वाढून मिळते आणि माझ्या हातात दुपार उरते. नियम बावीसप्रमाणे महिन्यातून तीन दिवस घरी जाण्याची रजा असते. ती मी घेत जाईन. आपली विश्वासू, रत्नम्मा हुडगे, खोली क्रमांक सहा.’

सरांनी नियमावली पहिल्यापासून वाचली. कुणाला प्रवेश देऊ नये याचे बारा नियम होते, कुणाला काढून टाकावं याचे वीस होते. ज्याला राहायचंच आहे, अशा माणसाचा विचार कधी झालाच नव्हता. रत्नम्मांच्या नावावर एकही ठपका नव्हता. बादलीसुद्धा जागेवर होती.

सरांनी सही केली. कागद माझ्याकडे सरकवला.

“व्यंकटी, ते तीन दिवस सलग देतात का रे?”

“देतात, सर. शनिवार-रविवार धरून.”

“मग शुक्रवारपासून धर,” ते म्हणाले. “आणि चहा कसा करतात, ते जरा लिहून दे.”

त्या दिवशी मी घरी जाऊन हा सगळा प्रकार बायकोला, सुमनला, हसत हसत सांगितला. ती हसली नाही. तव्यावरची भाकरी उलटवायची थांबली आणि म्हणाली, “जागा हायत का तिथं अजून?”

आपणही हसला असाल, हरकत नाही. आता हे बाजूला ठेवून स्वयंपाकघराच्या दारात जा आणि सहज विचारा, की तुला वसतिगृहात राहायला आवडेल का. (वाचक स्वतः बाई असतील, तर त्यांनी कुणी विचारायची वाट पाहू नये. अर्ज माझ्याकडे मिळतात.) लगेच ‘नाही’ म्हणाली, तर उत्तमच आहे. पण तिने हात पुसत ‘तिथं जेवण किती वाजता वाढतात?’ असं विचारलं, तर पुढे काही बोलू नका. आधी आपलं ताट उचला.