फळीच्या अस्वलावरील फत्ते

शके १९३२, विकृतिनाम संवत्सर, भाद्रपद वद्य पंचमी, मुक्काम इकालुइट, प्रांत कॅनडा, जेथे झाड म्हणून उगवत नाही, ते स्थळी राजश्री शंतनुराव यांनी अस्वलाशी जे युद्ध केले त्याची हकीकत ऐसी जे:

शंतनुराव मूळ ओटावा शहरानजीकच्या कनाट्याचे. तीर्थरूप रविकांतपंत तेथे टेलिकॉमचे दौलतीत चाकरीस. पुत्राने बर्फाचे शास्त्र शिकावे हे त्यांस बिलकुल मंजूर नव्हते, आणि मग मातुश्री अरुणाबाईंनी रदबदली केली, आणि मग महत्प्रयासे रुकार मिळाला, परंतु फोनावरून फर्मान सुटले की, "तिथून परत पाठवलं, तर गुपचूप ओटाव्यात कंप्युटर इंजिनिअरिंग. नो आर्ग्युमेंट!"

आणि इकालुइटच्या विद्यापीठाचा दस्तूर ऐसा की, वर्ग भरण्याआधी प्रत्येकाने अस्वलापासून जीव राखण्याची परीक्षा द्यावी; दोन वेळा चुकेल त्याने पहिल्या विमानाने दक्षिणेस कूच करावे. परीक्षेच्या सरदार नोराबाई, त्याच मुलखीच्या, बोलणे मोजके. त्यांनी फळीवर अस्वल रंगवून, फळी चाकांवर चढवून दोरास बांधिली होती. दोर ओढताच अस्वल चाल करून येई. उमेदवाराने चटईवरील रायफल उचलावी, भरावी आणि गनीम वाटेतच गारद करावा. टोरांटोकडील वसईकर घराण्यातील सहाध्यायी केझियाबाईंनी पहिल्याच झटक्यात फत्ते केली होती.

मग शंतनुराव पार्का नामे टोपीचा जाड डगला चढवून उभे राहिले, आणि मग अस्वल निघाले, आणि मग पुढे होता होता त्यांच्या जंगी बुटाचा रायफलीस स्पर्श जाहला. घात जाहला! वहीस पाय लागता नमस्कार करावा, ही मातुश्रींची शिस्त हाडीमाशी मुरलेली. राव वाकले, रायफलीस हात लावला, तो कपाळी लावला, मग डोळ्यांस लावला.

मागून केझियाबाई गर्जल्या, "अरे ए, नमस्कार काय घालतोस! अस्वल आशीर्वाद द्यायला थांबलंय का?"

अस्वल थांबले नव्हते. फळी रावांचे गुडघ्यास थडकली आणि नोराबाईंनी मुलगा मयत जाहीर केला. कारण पुसता रावांनी पायाची हकीकत अर्ज केली. बाईंनी क्षणभर रायफलीकडे पाहिले, हसल्या नाहीत, आणि हुकूम फर्माविला की, अस्वल पडेतो कोणाचीही माफी मागू नये; त्याउपरि मर्जी.

दुसरी चाल जाहली. दोन मोज्यांवरचे ते बूट. पाय पुन्हा लागला! उजवा हात आपसूक कपाळाकडे निघाला. रावांचे डोळ्यांपुढे ओटावा उभे राहिले, आणि मग त्यांनी दात ओठ खाऊन हात वाटेतून माघारी वळविला, रायफल भरली, आणि पहिली गोळी समुद्राकडे गेली, दुसरी अस्वलाचे कानास, तिसरी थेट छातीत. मग रायफल रिकामी करून, चटईवर ठेवून, साग्रसंगीत नमस्कार केला.

"केलासच ना शेवटी!" केझियाबाई वदल्या.

येणेप्रमाणे गनीम मोडला. नोराबाईंनी छातीतील भोकात बोट घालून पाहिले आणि निकाल दिला:

"अस्वल मेलं. मुलगा जिवंत. पास."