फर्मिनचा उशीर

बायको गेल्यापासून फर्मिनशी बोलणारं कोणी उरलं नव्हतं. गोठ्यात ओझी वाहून थकलेला, लोकरीने झाकलेला एक म्हातारा लामा होता, पण तो नुसता थुंकायचा. (तेही फर्मिनने आधी विषय काढला तरच.)

डोंगरावरून येणाऱ्या पाटाचं पाणी दर मंगळवारी आधी फर्मिनच्या मक्याला मिळे. बारा वाजले की त्याने दगडमाती लावून आपलं दार बंद करायचं आणि पाणी खालच्या निकोलासाबाईंच्या घेवड्याला सोडायचं. एका मंगळवारी त्याला डुलकी लागली. पाचव्या मिनिटाला बाई फावडं घेऊन हजर!

"पाणीचोरा! माझा घेवडा काय तुझ्या घामावर वाढवू?"

"घाम येईल एवढं काम मी कुठे करतो, बाई?"

"ते अख्ख्या गावाला ठाऊक आहे, मेल्या!"

बाई चांगला अर्धा तास भांडल्या. त्या दिवशी फर्मिन शीळ वाजवत घरी गेला. पुढच्या मंगळवारी त्याने मुद्दाम दहा मिनिटं उशीर केला. मग वीस. मंगळवारची दाढीही सुरू झाली. मका पिवळा पडला, मुळं कुजली, पण गडी खूश!

वर्षाची पाटसफाई झाली. सगळं गाव चिचा, म्हणजे मक्याची आंबवलेली दारू, पीत बसलं होतं. पाटकरी तिबुर्सिओने विचारलं, "या पाणीचोराचं काय करायचं?"

निकोलासाबाई उठल्या. फर्मिन सरसावून बसला.

"चोर कसला? स्वतःचाच मका बुडवणारा चोर बघितलाय का कुणी? एकटा पडलाय बिचारा. कुणी दोन शब्द बोलावेत म्हणून करतो सगळं."

फर्मिनला भरून आलं. आपलं मन कुणाला तरी कळलं म्हणायचं!

"मग उपाय काय?" तिबुर्सिओ म्हणाला.

"वर डोंगरात, पाट सुरू होतो तिथे, वर्षभर राखणीला माणूस हवाय ना? बायकापोरं सोडून कोणी जायला तयार नाही. याच्या घरी कोण वाट बघतंय?"

भराभर हात वर झाले. तिबुर्सिओने चिचेचा भरलेला पेला फर्मिनपुढे धरला. (पेला घेतला म्हणजे काम पत्करलं, आणि गावासमोर दिलेला पेला परत करता येत नाही. करून बघा.) त्याने तो निमूटपणे रिकामा केला.

गाठोडं बांधून निघताना तो बाईंच्या दारात घुटमळला.

"भांडायला वर याल ना, निकोलासाबाई?"

"आता तुमच्यामुळे पाणी वेळेवर येणार," बाई पहिल्यांदाच गोड हसल्या. "मग भांडू कशाला, फर्मिनभाऊ?"