हिरवे विरुद्ध निळे

अख्ख्या फ्रीटाऊनमध्ये मशिदीचं आणि चर्चचं एकमत घडवून आणणारा माणूस एकच. तो म्हणजे मी, बोकारी शिंपी! इमाम फोफानांचे झगे मीच शिवतो आणि रेव्हरंड कोकरांचेही मीच. मापं घेताना माणसं मनातलं भडाभडा बोलतात, त्यामुळे दोघांची नस मला बरोबर ठाऊक!

झालं असं, आमच्या वस्तीतल्या प्रसूतिगृहाला रक्त मिळेना. मागच्याच महिन्यात एक बाळंतीण थोडक्यात वाचली. इमाम आणि रेव्हरंड दोघंही हादरले आणि त्यांनी मिळून रक्तदान शिबिर घेतलं. पण वस्तीला सुईची भलती धास्ती! तिघं आले. त्यांतले दोघं सरबतासाठी.

"फुटबॉल ठेवा!" मी म्हणालो. "इमाम आणि पाद्री मैदानात उतरणार म्हटल्यावर पाळण्यातली पोरंसुद्धा येतील! बाजूलाच रक्ताचं टेबल मांडू."

"आणि आम्ही हरलो तर?" रेव्हरंड म्हणाले.

"हरणारच आहात," इमाम म्हणाले.

"अहो, भांडता काय! दोन्ही संघांत दोन्हीकडची माणसं घालू. इमाम हिरव्यांचे कप्तान, रेव्हरंड निळ्यांचे. सदरे मी शिवतो, रंगवतोही मीच. पंचही मीच!"

आमच्याकडे कापड रंगवणं हे मावश्या-आज्ज्यांचं काम. माझी मावशी म्हणालीसुद्धा, "बोकारी, रंग पक्का व्हायला वेळ लागतो रे!" मी म्हटलं, "मावशी, उद्या मॅच आहे!"

दुसऱ्या दिवशी शाळेच्या मैदानावर मुंगीला शिरायला जागा नव्हती. आंब्याखाली रक्ताच्या टेबलाशी मात्र नर्स इसाटूबाई एकट्याच माश्या हाकलत बसलेल्या.

मी शिट्टी फुंकली. दहा मिनिटांत खेळाडूंना घाम फुटला. वीस मिनिटांत सदऱ्यांना! हिरवा गळला, निळा गळला, चिखलात लोळून, गळ्यात गळे पडून दोन्ही रंग एक झाले. बावीस माणसं डबक्यातल्या शेवाळासारखी दिसायला लागली. इमामांची पांढरीशुभ्र दाढीसुद्धा! कोण कुणाला पास देतंय कळेना. एका खेळाडूने तर तीनदा स्वतःच्याच कप्तानाला पाडलं.

तेवढ्यात गोल झाला. आणि बावीसच्या बावीस जण नाचले!

"आमचा गोल!" इमाम ओरडले.

"तुमचा कसा? मारणारा आमचा होता!" रेव्हरंड म्हणाले. "बोकारी, सांग कुणाचा!"

मी मारणाऱ्याकडे पाहिलं. तो शेवाळी. शेजारचाही शेवाळी.

"सगळ्यांचा!" मी जाहीर केलं.

"पंच विकला गेला!" गर्दीतून कोणीतरी बोंबललं.

"कुणाला?"

"दोघांनाही!"

सगळे माझ्यावर धावून येणार, इतक्यात इसाटूबाई किंचाळल्या, "थांबा! तोंडं बघा एकमेकांची! रंगात काय घातलंय या शिंप्याने? चला, सगळे टेबलापाशी! रक्तदाब बघते, बोटातून थेंब घेते. कुणी पळायचं नाही!"

सुईला घाबरणारी माणसं विषाला जास्त घाबरतात. बावीस जण निमूट रांगेत! तपासण्या झाल्या. तब्येती ठणठणीत. रंग साबणाने निघत होता.

रक्तदाब बघायला टेबलामागच्या खाटेवर झोपवलेले इमाम पडल्या पडल्या म्हणाले, "आलोच आहे तर घ्या एक बाटली. सोपं दिसतंय."

रेव्हरंड ताडकन उठले. "त्यांची घेतली? मग माझी आधी भरा!"

"अहो, शर्यत नाहीये ही!" इसाटूबाई ओरडल्या.

कोण ऐकतंय! कप्तान झोपले म्हणून खेळाडू झोपले, खेळाडू झोपले म्हणून प्रेक्षक बाह्या सरसावायला लागले. बायका तर पुरुषांना ढकलून पुढे! संध्याकाळपर्यंत सत्तर बाटल्या भरल्या. इसाटूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, खोटं कशाला सांगू!

मग दोन शेवाळी हात माझ्या दोन्ही दंडांवर पडले.

"बोकारी," इमाम गोड आवाजात म्हणाले, "तुझं राहिलं."

"पंचाला सूट असते!"

"नसते," रेव्हरंड म्हणाले. त्यांचं इतकं पटकन एकमत मी आजवर पाहिलं नव्हतं!

खाटेवर पडलो. इसाटूबाईंनी दंडाला पट्टा बांधला. पुढे सगळा अंधार. डोळे उघडले तर एका कानाशी इमाम दुवा म्हणताहेत, दुसऱ्या कानाशी रेव्हरंड प्रार्थना.

मी क्षीण आवाजात विचारलं, "बाई, किती घेतलंत?"

"सुई अजून पाकिटातच आहे," इसाटूबाई म्हणाल्या.

रक्तदात्यांसाठी ठेवलेली बिस्किटं मात्र मी चार खाल्ली. अशक्तपणा आला होता हो!