बाबांच्या बुटांची झीज

"दोन महिन्यांत बाबा टेकडीवर दिसले नाहीत, तर माझं नाव बदला," कॅलिपरने आत्याला फोनवर ठणकावून सांगितलं.

"नाव तुझं ऑफिसवाल्यांनी आधीच बदललंय," आत्या म्हणाली. "आणि माझ्या भावाला मी तुझ्यापेक्षा जास्त ओळखते. लहानपणी रुसला की कपाटामागे जाऊन बसायचा. आता तिथे मावत नाही, म्हणून खुर्चीत बसलाय."

आत्याचं बोलणं तिखट होतं, पण खोटं नव्हतं. आई गेल्यापासून बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते ते बसलेच होते. त्याआधी दोघं रोज सकाळी घरामागच्या टेकडीवर जात. आई पुढे, बाबा मागे. आई वाटभर बोलायची, बाबा ऐकायचे, आणि माथ्यावर पोचल्यावर सगळ्या बोलण्याला मिळून एकदाच "हं" म्हणायचे. आता बोलणंही बंद आणि "हं"ही बंद. डॉक्टर म्हणाले होते, या वयात माणूस बसला की बसतो. मग त्याला उठवणं कुणाच्या हातात राहत नाही. आईच्या आजारात कॅलिपरच्या हातात काहीच नव्हतं. निदान बूट तरी तिच्या हातात होते.

ती बूट बनवणाऱ्या एका कंपनीच्या चाचणी विभागात होती. मोजल्याशिवाय तिचा कशावर विश्वास बसत नसे. कँटीनमधल्या कपाच्या कानाची जाडीसुद्धा तिने एकदा कॅलिपरने, म्हणजे जाडी मोजायच्या चिमट्याने, मोजली होती, तेव्हापासून सगळे तिला कॅलिपर म्हणत. विभागात एक लोखंडी पाय होता. त्याला नवा बूट चढवून तो अखंड आपटत ठेवायचे. दिवसभर पाय आपटतो आणि कुणी त्याला काही बोलू शकत नाही, म्हणून त्याचं नाव 'जावईबापू'. पण जावईबापूंनी पसंत केलेला बूट खऱ्या माणसाच्या पायात किती टिकतो, ते कळायला खरी माणसंच लागत. अशा माणसांना कंपनी बूट द्यायची. त्यांनी ते रोज घालायचे, आणि दर पंधरवड्याला न धुता, मातीसकट, तपासायला पाठवायचे.

त्या वर्षीचा नवा बूट डोंगरवाटांवर पळणाऱ्यांसाठी होता. खाली दातेरी रबर, त्यावर उशीसारखा जाड फोम. कॅलिपरने एक जोड बाबांसाठी मागितला.

"नात्यातली माणसं आपण घेत नाही," विभागप्रमुख मॅडम म्हणाल्या. "ती आपल्याला बरं वाटावं म्हणून बोलतात."

"माझे बाबा बरं वाटावं म्हणून काहीच बोलत नाहीत," कॅलिपर म्हणाली. "मुळात बोलतच नाहीत."

हे मॅडमना पटलं.

माप घ्यायला ती संध्याकाळी गेली. दिवसभरात पाय फुगतो, म्हणून माप संध्याकाळीच घ्यायचं असतं.

"माझा कशाने फुगणार?" बाबा म्हणाले. "बसून तर आहे."

"उभे राहा. भार दोन्ही पायांवर."

डावा पाय उजव्यापेक्षा किंचित लांब निघाला. साठ-सत्तर वर्षं हे बाबांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि आता कळून त्यांना काही आनंद झाल्यासारखं दिसलं नाही.

"अंगठ्यापुढे बोटभर जागा ठेवलीय," ती म्हणाली. "उतारावर पाय पुढे सरकतो."

"मी उतारावर जाणार आहे?"

"आधी चढावर जाणार आहात. टाच उचलतेय का?"

"टाच जागेवर आहे. माझ्यासारखी."

"आणि मऊपणा?"

बाबांनी बुटांतल्या बुटांत अंगठे हलवून पाहिले. "गादीवर उभं राहिल्यासारखं वाटतंय. झोप येते."

पंधरा दिवस ती रोज फोन करत होती. "बूट टोचतात का?" "छे." "आराम आहे?" "पूर्ण आराम आहे." मग ती बूट न्यायला गेली, उलटे करून पाहिले, आणि तिचा चेहरा पडला. रबराच्या दातांवर साच्याची बारीक रेघसुद्धा तशीच होती.

"टेकडीवर हल्ली गवत फार वाढलंय," बाबा खिडकीबाहेर बघत म्हणाले. "झिजायला काही लागत नाही."

ती बूट पिशवीत घालून निघाली.

पुढच्या पंधरवड्याला मात्र बूट हातात घेतले आणि कॅलिपरला दारातच उभं राहावंसं वाटलं. तळाचे दाते झिजले होते. खाचांत माती होती, चांगली काळी, भुसभुशीत. तिने तिथल्या तिथे आत्याला फोन लावला.

"झिजले," ती म्हणाली.

"कोण? माझा भाऊ?"

"रबर, आत्या. रबर."

त्यानंतरच्या पंधरवड्याला अर्धे दाते गेले होते. त्याच सुमारास गॅलरीतल्या आईच्या मोगऱ्याची कुंडी अर्धी रिकामी झालेली तिने पाहिली. मोगरा केव्हाच वाळला होता. उंदीर माती उकरत असतील, असं तिला वाटलं, आणि ती बूट घेऊन आनंदाने ऑफिसला गेली.

ऑफिसात मात्र रडारड झाली. नव्या बुटाचं रबर ज्याने तयार केलं होतं, तो रबरवाला बुटाकडे पाहून मटकन बसला. त्या मिश्रणावर तो दोन वर्षं राबला होता. बाकीच्या लोकांचे बूट ठीक होते, पण ते सगळे तरुण. एका म्हाताऱ्या माणसाच्या साध्या फिरण्याने रबराची ही दशा होत असेल, तर बाजारात काय होईल?

फोम बनवणारा फोमवाला शेजारच्याच टेबलावर बसायचा. त्याने तो बूट दाबयंत्रात घातला. तळ उडाला होता आणि फोम कारखान्यातून आत्ता आल्यासारखा उसळत होता. इतकं चालूनही न दबणारा फोम जगात कुणी पाहिला नव्हता. फोमवाल्याचे पाय जमिनीला लागेनात. तो जिन्यात शीळ घालू लागला. रबरवाल्याने डबा उघडणं सोडलं. एकाच जोडापायी एका टेबलावर लग्नघर आणि दुसऱ्यावर सुतक.

"एक विचारू का?" रबरवाल्याने कॅलिपरला हळूच बाजूला घेतलं. "माणसाच्या बुटाची टाच बाहेरच्या बाजूला झिजते. कुणाची आतल्या. हा बूट सगळीकडे सारखा झिजलाय. दोन्ही पायांचा सारखा. असा माणूस मी पाहिला नाही."

"बाबा कारखान्यात सुतारखात्याचे मुख्य होते," कॅलिपर अभिमानाने म्हणाली. "त्यांचं सगळंच काटकोनात असतं."

जो प्रश्न तिने दुसऱ्या कुणाच्या बुटाला दहा वेळा विचारला असता, तो तिने बाबांच्या बुटाला एकदाही विचारला नाही. मोजमाप तिला हवं तेच सांगत होतं. अशा वेळी कॅलिपर फिरवून पुन्हा कोण मोजतो?

मॅडमनी रबराचं उत्पादन थांबवलं. रबरवाल्याची बदली पट्ट्या आणि नाड्यांच्या विभागात होणार, असं कँटीनमध्ये ऐकू येऊ लागलं. आणि जाहिरातवाल्याच्या कानावर गेलं ते वेगळंच: एक आजोबा, रबर फाडून काढतील एवढे चालतात आणि फोम जसाच्या तसा.

"मला हे आजोबा टेकडीवर हवेत," तो म्हणाला.

कॅलिपरने हे सांगितलं तेव्हा बाबांचा चेहरा पांढरा पडला.

"गुडघा दुखतोय," ते म्हणाले.

"काल तर पूर्ण आराम होता."

"खोकला आहे." त्यांनी खोकून दाखवलं. "शिवाय माझा फोटो चांगला येत नाही. तुझ्या आईला विचार."

बाबांनी खिडकीचा पडदा उगाच सरळ केला. मग म्हणाले, "बरं. येतो."

बाबा लाजतायत, असं कॅलिपरला वाटलं.

टेकडीच्या पायथ्याशी जाहिरातवाला कॅमेरा घेऊन उभाच होता. ऊन चांगलं पडलं होतं. "आजोबा, त्या मोठ्या दगडापाशी जा आणि तिथून खाली पळत या. नेहमीसारखे."

"नेहमीसारखा?" बाबांनी विचारलं.

"रोज येता तसे. कॅमेऱ्याकडे बघायचं नाही."

बाबा झुडपं धरत धरत वर चढले. दोनदा थांबले. एकदा एका रोपट्याला मिठी मारल्यासारखे उभे राहिले. "सहज करतायत, नाही?" जाहिरातवाला म्हणाला. दगडापाशी पोचल्यावर बाबांनी मागे वळून वरच्या वाटेकडे पाहिलं, तिथे जरा जास्तच वेळ पाहिलं, आणि मग खाली पहिलं पाऊल टाकलं.

वाटेवर बारीक खडी होती. बुटाला धड दाते उरले नव्हते. बाबा बसले, आणि बसल्या बसल्या आले. घसरगुंडीवरून येणाऱ्या माणसाचा चेहरा सहसा इतका गंभीर नसतो. जाहिरातवाल्याचं बोट सवयीने कॅमेऱ्याचं बटण दाबतच राहिलं.

डावा घोटा बघता बघता सुजला. कॅलिपरने नाडी सोडली, बूट हलकेच ओढून काढला आणि पाय मांडीवर घेतला. बूट आडवा पडला होता. तिची नजर आत गेली. आतल्या मऊ तळव्यावर कंपनीचं नाव सोनेरी अक्षरांत छापलेलं असतं. घाम लागला की पहिल्या आठवड्यातच ते पुसतं, आणि तिथे पाच बोटांचे पाच खळगे पडतात. इथे अक्षरं लखलखत होती. खळगा एकही नव्हता.

तिने अंगठ्याने अक्षरं घासून पाहिली.

"बाबा, हे बूट तुम्ही घातलेच नाहीत."

"घातले. आज."

"मग तळ कशाने झिजला?"

"आधी पॉलिशपेपर लावला. त्याने भागेना, मग कानस घेतली." बाबांनी घोटा हलवायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. "रबर भलतंच चिवट आहे तुमचं. ज्याने केलंय त्याला सांग."

"आणि माती?"

"मोगऱ्याची."

जाहिरातवाला आदबीने थोडा लांब जाऊन उभा राहिला.

"पहिल्या दिवशी निघालो होतो," बाबा म्हणाले. "फाटकापर्यंत गेलो. खालच्या मजल्यावरचे काका भेटले. म्हणाले, आज एकटेच? सवयीने म्हणाले बिचारे. लगेच जीभही चावली त्यांनी. पण मग पुढे जाववलं नाही."

"मला सांगायचं होतंत."

"सांगणार होतो. पण तू तो तळ बघितलास आणि असं तोंड केलंस..." ते थांबले. "आईचे रिपोर्ट वाचताना करायचीस ना, तसं. ते पुन्हा बघवेना मला."

कॅलिपरने सुजलेल्या पायावर नुसताच हात ठेवला. मोजण्यासारखं तिथे काही नव्हतं.

"केव्हा करायचात हे?" तिने विचारलं.

"सकाळी. फिरायच्या वेळेला. ती वेळ तशीही जात नव्हती."

"आजोबा," जाहिरातवाला लांबून म्हणाला, "बसलाच आहात तर एक हसरा मिळेल का?"

हाड शाबूत होतं. सांध्यातला एक बंध, लिगामेंट, फाटला होता. डॉक्टरांनी गुडघ्यापर्यंत प्लॅस्टर घातलं आणि बजावलं, महिनाभर हा पाय जमिनीला लावायचा नाही.

दुसऱ्या दिवशी कॅलिपरने मॅडमच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं. मॅडम बराच वेळ चष्मा पुसत राहिल्या. "नात्यातली माणसं का घ्यायची नाहीत, हे नव्या लोकांना मीच समजावून सांगायचे," त्या म्हणाल्या. "यापुढे तुमच्याकडे पाठवते." कानशीला इतके दिवस दाद न देणारं रबर, म्हणून रबरवाल्याचं मिश्रण पुन्हा चालू झालं. त्याने बाबांच्या पायाची इतक्या गहिवरून चौकशी केली, की पायापेक्षा कानशीचीच चौकशी करतोय असं वाटावं. फोमवाला मात्र गप्प झाला. त्याचा फोम कधी दबला नव्हता, कारण त्यावर कुणी कधी उभंच राहिलं नव्हतं. जिना पुन्हा शांत झाला.

कॅलिपर कपड्यांची बॅग घेऊन बाबांकडे राहायला आली. माणसं भेटायला येऊ लागली. खालचे काकाही आले, दारात घुटमळले आणि म्हणाले, "पाय कसा आहे?" इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच कुणीतरी बाबांना उत्तर देता येईल असा प्रश्न विचारला होता. बाबांनी उत्तर दिलं. घसरण कुठून सुरू झाली, खडी कशी होती, झुडपं कुठली धरायची आणि कुठली नाही. काका एक तास बसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले.

चौथ्या सकाळी कॅलिपर खोलीत आली, तर बाबा पलंगाच्या कडेवर आले होते.

"ऊन चांगलं पडलंय," ते म्हणाले.

"हो."

"वरची वाट कोरडी असेल."

"असेल."

"जाऊन येऊ या जरा. त्या दगडापर्यंतच."

"बाबा, पाय टेकवायचा नाहीये."

"डॉक्टरला काय कळतंय? तो कधी टेकडीवर गेलाय का? त्या कुबड्या दे इकडे."

तिने कुबड्या दिल्या नाहीत. दुपारी त्या बाबांच्या हातात दिसल्या, म्हणून तिने त्या माळ्यावर टाकल्या. संध्याकाळी बाबा एका पायावर लंगडी घालत जिन्यापर्यंत पोचले होते. काकांनी खालून हाक मारली म्हणून कळलं. आत्याला फोन केला, तर ती म्हणाली, "आता याला आवर."

शेवटी कॅलिपरने महिनाभराची रजा टाकली, आणि बाबा टेकडीवर जाऊ नयेत म्हणून रोज सकाळी दारात आडवी खुर्ची टाकून बसू लागली.